दुसरी जोडणी

१

निघण्याच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याशिवाय ठमी रडेल, ही काळजी. म्हणजे सगळ्यांना मी तसंच सांगितलं. खरी काळजी वेगळी होती आणि ती नवऱ्यालाही सांगण्यासारखी नव्हती : ती रडलीच नाही तर?

ठमी चार वर्षांची आहे. तिच्या जन्मानंतर मी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होते, तेही एकदम सहा दिवस. आमची कंपनी लिफ्ट बनवते आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसाठी सूचनापत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आहे. एरवी मी ते घरूनच करते. पॅसेजच्या टोकाला एक खोली आहे, पूर्वी तिथे बॅगा आणि जुन्या गाद्या असायच्या. आता ते 'आईचं ऑफिस'. दार बंद असलं की आई कामावर आहे, हाक मारायची नाही, हा घरातला नियम.

ठमीने नियम न मोडता त्यातून वाट काढली. ती चित्र काढते आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवते. मी त्यावर जांभळ्या पेनने तारा काढून ते परत बाहेर सरकवते. तारा पेन न उचलता काढायचा असतो. मी घाईत असते, त्यामुळे माझ्या ताऱ्याची शेवटची रेघ पहिलीला कधी मिळतच नाही. एक कोपरा उघडा राहतो. मग बाहेरून कुजबुज येते, "आई, आता ये ना." मी म्हणते, "पाच मिनिटं." माझी पाच मिनिटं किती लांब असतात, यावर घरात विनोद होतात. मीही हसते.

सहा दिवसांसाठी माझी नणंद येऊन राहणार होती. ती मुलांना पोहायला शिकवते, माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, आणि मी तिला मुद्दाम 'वन्सं' म्हणते कारण तिला ते अजिबात आवडत नाही. ठमीला ती फार आवडते. फारच.

"वहिनी, तू बिनधास्त जा," ती म्हणाली. "तुझी आठवणसुद्धा येऊ देणार नाही मी तिला."

तिला धीर द्यायचा होता. मला ते वाक्य पहाटेपर्यंत पुरलं.

२

घरचा लॅपटॉप प्रवासात न्यायचा नाही, हा कंपनीचा नियम. त्यात सगळी रेखाचित्रं असतात. म्हणून बाहेर जाणाऱ्याला वेगळा, रिकामा लॅपटॉप मिळतो आणि तो व्हीपीएनने कंपनीच्या जाळ्याला जोडायचा. व्हीपीएन म्हणजे काय, हे मला ज्याने समजावलं त्याला ऑफिसात सगळे कुलूपदादा म्हणतात. पासवर्ड, परवानग्या, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे.

"ताई, हा बोगदा समजा," तो म्हणाला. "एक तोंड तुमच्याकडे, एक आमच्याकडे. मधे कुणी डोकावू शकत नाही. जोडायला गेलात की फोनवर प्रश्न येईल : 'हे तुम्हीच आहात का?' 'होय' दाबायचं."

"माहितीये हो. रोजच दाबते."

"तेच तर. रोज दाबता म्हणून वाचत नाही कुणी. वाचून दाबा."

"मी मीच आहे की नाही, हे मला वाचून कळणार होय?"

"आणि एक," तो हसला नाही, "एका नावाची जोडणी एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी दिसली तर मशीन विचारतं, पहिली तोडू का?"

मी मान हलवली. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. ठमीच्या शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता आणि ती सुटायची वेळ झाली होती.

३

हॉटेलची खोली छान होती. अशा खोल्या असतात तशीच : पांढरी चादर, राखाडी पडदा, भिंतीवर कशाचंच नसलेलं चित्र. मेकॅनिकांना मी द्यायचं प्रशिक्षण दहाला सुरू होणार होतं. त्याआधी आपली मागे राहिलेली पत्रकं लिहून काढावीत असा माझा बेत होता. सात पत्रकं बाकी होती.

नऊ वाजता मी लॅपटॉप जोडायला घेतला. पडद्यावर आलं : 'तुमच्या नावाची एक जोडणी आधीच चालू आहे. ठिकाण : घर. ती तोडायची का?'

मी स्वतःला एक शिवी दिली. निघायच्या गडबडीत घरचा लॅपटॉप बंद करायचा राहिला होता, दुसरं काय. मी गॅस बंद केलाय का हे बघायला दोनदा जिने चढून येणारी बाई, पण लॅपटॉप म्हटलं की वेंधळी. 'तोडा' दाबलं. फोनवर प्रश्न आला, 'होय' दाबलं. झालं.

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला.

"रडली का?" मी विचारलं.

"छे!" वन्सं म्हणाली. "सकाळपासून किती गुणी आहे. तुझ्या ऑफिसच्या दाराबाहेर बसून चित्रं काढतेय. तास झाला, आवाज नाही."

"फोन दे तिला."

मागे वन्संचा आवाज आला, "ठमे, आईचा फोन." मग ठमीचा, लांबून आणि वैतागलेला, "नंतर."

"अगं, खेळात आहे," वन्सं म्हणाली. तिच्या आवाजात अपराधीपणा होता. मला तो विजयासारखा ऐकू आला.

४

दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा तेच. 'एक जोडणी आधीच चालू आहे. ठिकाण : घर.'

मी पुन्हा तोडली. मग पहिलं राहिलेलं पत्रक उघडलं, तर ते लिहून झालेलं होतं.

मी वर पाहिलं. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव, तारीख कालची, वेळ दुपारची. दुपारी मी वीस मेकॅनिकांसमोर उभी राहून फॉर्म कसा भरावा हे सांगत होते. दुसरं पत्रक उघडलं, तेही झालेलं. तिसरंही.

आणि चांगलं लिहिलेलं होतं, हे मला कबूल करायलाच हवं. मी लिहिते ते असं : 'दार उघडण्यापूर्वी कॅबिनची स्थिती तपासावी.' इथे होतं : 'दार उघडण्याआधी बघा, लिफ्ट खरोखर त्या मजल्यावर आली आहे ना. दार उघडलं म्हणजे आत जमीन असतेच असं नाही.' माझंच वाक्य, पण माझी नीट झोप झालेली असती तर लिहिलं असतं तसं.

साहेबांचा निरोप आला : 'प्रवासात असून इतकं काम! आणि भाषा किती मोकळी झाली आहे. घरापासून लांब गेल्याचा फायदा दिसतो.'

मला राग आला. चोरीचा नव्हे, कौतुकाचा. कौतुक माझ्या नावाचं होतं आणि माझं नव्हतं.

मी कुलूपदादाला फोन लावला.

"ताई, नोंदी समोर आहेत माझ्या," तो म्हणाला. "काल सकाळी दोन वेळा प्रश्न गेलाय तुमच्या फोनवर. आठ पन्नासला, घरच्या मशीनसाठी. नऊ वाजता, हॉटेलातल्या. दोन्ही वेळा तुम्ही 'होय' म्हणालात. दुपारी दोनला घरून पुन्हा जोडणी. पुन्हा 'होय'. आजही आठ पन्नासला."

आठ पन्नास. दात घासत होते मी. फोन बेसिनच्या कडेवर थरथरला होता आणि मी ओल्या अंगठ्याने दाबलं होतं. दोनला तर माईक हातात होता. खिशातून फोन काढून, न बघता.

"मग आहे कोण ते?"

"मला कसं कळणार? पासवर्ड तुमचा, मशीन तुमचं, घर तुमचं, आणि विचारलं तर तुम्ही म्हणता मीच." तो थांबला. "घरचंच कुणीतरी असेल हो. पुढच्या वेळी तुम्ही जोडत नसताना प्रश्न आला तर 'नाही' दाबा. पण लक्षात ठेवा, 'नाही' म्हणालात की तुमचं नाव सगळीकडूनच बंद होईल. खरं कोण ते मशीनला कळत नाही ना. मग कॅमेऱ्यासमोर बसून मला तोंड दाखवायचं, तेव्हा उघडणार."

घरचंच कुणीतरी. घरी एकच बाई होती.

५

"वन्सं, खरं सांग. माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"मी?" ती एवढ्या मोठ्याने हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "वहिनी, मला पोरांच्या हजेरीचा तक्ता भरताना घाम फुटतो. आणि तुझ्या त्या खोलीत पाऊल टाकायची माझी काय बिशाद? दार बंद म्हणजे बंद, असं तूच दहा वेळा बजावलंस."

"दार बंद आहे?"

"बंदच आहे. ठमी बाहेर. चित्र आत सरकवते, थोड्या वेळाने बाहेर ओढून घेते. तुझ्या आठवणीने खेळते बिचारी. मला रडूच येतं बघून."

"स्वतःच ओढते? तू बघितलंस?"

"मी काय तिथे राखण करत बसते का? पोळ्या कोण करणार?" मग तिचा आवाज नरमला. "हे बघ, तुला फोटो पाठवते. मस्त काढलंय."

फोटो आला. पिवळं घर, हिरवं झाड, दोन बायका आणि मधे एक छोटी मुलगी. दोघी बायका सारख्याच. एकीला तोंडच काढलेलं नव्हतं. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा तारा होता.

चार वर्षांच्या मुलीला असा तारा जमत नाही. मी खूप वेळा शिकवून पाहिलंय. वन्संने काढला असेल, मी स्वतःला सांगितलं. माझा पेन घेऊन, माझी जागा घेऊन. मी फोटो मोठा केला. पाचही कोपरे मिटलेले होते. शेवटची रेघ पहिलीला सावकाश, नीट, जणू जगात दुसरं काही काम नाही अशी जाऊन मिळाली होती.

संध्याकाळी ठमी एकदाची फोनवर आली.

"तारा कोणी काढला गं?"

"आईने."

"मी तर इथे आहे ना, बाळा."

मोठ्या माणसाला समजावताना मुलं बोलतात तशा आवाजात, "आता तारा पूर्ण येतो," ती म्हणाली आणि फोन ठेवून गेली.

मी पांढऱ्या चादरीवर बसून राहिले. मला भीती वाटायला हवी होती. पण आधी मत्सर वाटला, स्वच्छ आणि चटका बसावा तसा, आणि भीती त्याच्या मागून आली.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ पन्नासला फोन थरथरला. 'हे तुम्हीच आहात का? ठिकाण : घर.'

मी उत्तर दिलं नाही. प्रश्न तसाच ठेवून नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. तो लोकांचे डोळे तपासतो, चष्म्याचे नंबर काढतो, आणि दुकानात जायला त्याला दहा वाजतात.

"माझ्या खोलीचं दार उघड," मी म्हटलं.

"अगं, काय झालंय तुला? ही म्हणत होती तू तिच्यावर संशय घेतलास म्हणून. बिचारी काल जेवली नाही नीट."

"उघड तर खरं."

तो फोन धरून पॅसेजमधून चालला. दारासमोर फरशीवर ठमी मांडी घालून बसली होती, मांडीवर कागद, बाजूला खडू. बाबा दाराला हात लावतोय हे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, ती कामात आहे."

"हो गं राणी, एकच मिनिट." त्याने दार उघडलं. माझी खोली. टेबल, खुर्ची, खिडकी. लॅपटॉप मिटलेला. कुणी नाही.

"बघितलंस? आता नंबर तपासू का तुझा?" तो म्हणाला. त्याने लॅपटॉपवर तळवा ठेवला. "गरम आहे जरा. उन्हात आहे ना खिडकीच्या."

खिडकी पश्चिमेला आहे. सकाळी तिथे ऊन येत नाही. मी हे बोलले नाही, कारण मी दुसरंच बघत होते. माझी खुर्ची. मी ती कायम उंच ठेवते, पाय लोंबकळतात, पाठ दुखते, खाली करायला कधी वेळच झाला नाही. आता ती खाली होती. बसणारीचे पाय जमिनीला नीट टेकतील इतकी.

"ठमीने केली असेल," तो म्हणाला, आणि दार लावून स्वयंपाकघराकडे वळला. फोन धरलेला हात त्याने सवयीने खाली सोडला. पडद्यावर मला त्याच्या मागचा पॅसेज दिसत राहिला, तिरका, हलणारा. ठमी पुढे सरकली. तिने कागद फटीतून आत ढकलला आणि हात मांडीवर घेऊन बसली.

कागद बाहेर आला. तिचे दोन्ही हात मांडीवरच होते.

"थांब!" मी ओरडले. "मागे वळ!"

तो वळला. ठमी कागद उजेडात धरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मला ओळखीचं होतं. पूर्वी ते माझ्यासाठी असायचं, पाच मिनिटं सुरू व्हायच्या आधी.

फोनवर प्रश्न पुन्हा आला. 'हे तुम्हीच आहात का?' या वेळी मी वाचला. सगळा, हळूहळू, कुलूपदादाने सांगितलं होतं तसा. मग 'नाही' दाबलं.

समोरचा हॉटेलातला लॅपटॉप काळा झाला. बाकी काहीच झालं नाही. नवरा म्हणत होता, "तू नीट झोपतेस ना गं तिथे?"

७

तोंड दाखवायला मी संध्याकाळी बसणार होते, पण दुपारीच कुलूपदादाचा फोन आला. आवाज हलका होता.

"झालं ताई तुमचं काम. बरं केलंत लगेच आलात ते."

"कुठे?"

"म्हणजे काय, कॅमेऱ्यावर. नाव बंद पडल्यावर वीस मिनिटांत. मी प्रश्न विचारले, तुम्ही उत्तरं दिलीत. तुमच्या आईचं गाव, पहिल्या शाळेतल्या बाई, सगळं. खोलून दिलं. फक्त आता ते घरच्या मशीनलाच बांधलंय, आणि नवा फोन जोडलाय. हॉटेलातून नाही जमणार. पण तुम्ही तर म्हणालात, आता लागणारच नाही बाहेरून."

माझ्या समोर वीस मेकॅनिक फॉर्म भरत होते. कुणीतरी पेन मागत होतं.

"दादा, मी अजून इथेच आहे. प्रशिक्षणात."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"मी तोंड बघितलं ताई," तो म्हणाला. "तुम्हीच होता. उलट मी म्हटलंसुद्धा, चेहरा किती ताजातवाना दिसतोय. आणि मधेच दाराखालून काहीतरी आत आलं तर तुम्ही मला म्हणालात, 'एक मिनिट हं, माझी मुलगी बोलावतेय.' आणि उठून गेलात. मला थांबवून. मला बरं वाटलं हो बघून. माझी बायको अशी उठत नाही."

मीही उठत नाही. कामाच्या फोनवरून मी आजवर एकदाही उठलेली नाही.

८

चौथ्या दिवशी सकाळी मी प्रशिक्षण अर्धवट सोडून निघाले. कुणाला कळवलं नाही. घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. किल्लीने दार उघडलं. वन्सं सोफ्यावर आडवी झाली होती, तोंडावर मासिक, गाढ झोपलेली. तिच्याबद्दल मी तीन दिवस काय काय मनात आणलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

बॅग तिथेच ठेवली. चपला काढल्या. पॅसेजच्या टोकाला ठमी बसली होती, पाठमोरी, दाराकडे तोंड करून. आतून बटणांचा आवाज येत होता. माझ्यासारखा धडाधड नव्हे. संथ, एकसारखा, मधे थांबून विचार करणारा.

मी जाऊन तिच्या शेजारी फरशीवर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, दचकली नाही, ओरडली नाही. थोडीशी बाजूला सरकून तिने जागा करून दिली.

दाराच्या मुठीपर्यंत माझा हात गेला आणि परत आला. दार उघडलं म्हणजे आत जमीन असतेच असं नाही. आणि समजा उघडलं, खोली रिकामी निघाली, खुर्ची आणि गरम लॅपटॉप, तर मी कुणाशी भांडणार होते?

मी ठमीच्या मांडीवरचा एक कोरा कागद घेतला. तिच्या डब्यातला जांभळा खडू घेतला. पेन न उचलता काढतात तसा तारा काढला, एका दमात, आणि माझ्या नेहमीच्या सवयीने नाही, मुद्दाम, शेवटचा कोपरा उघडा सोडला. हे माझं आहे, मला सांगायचं होतं. हे असंच असतं. कागद दाराखालून ढकलला.

आतला आवाज थांबला. खुर्ची हळूच मागे सरकली. फटीतल्या उजेडात काहीतरी खाली वाकलं.

कागद परत आला तेव्हा त्याच्या कडेवर तीन बोटांची टोकं मला दिसली, क्षणभर, फटीबाहेर पेराएवढी. मधल्या बोटावर इस्त्रीचा जुना डाग होता. मी माझा हात पाहिला. डाग तिथेच होता.

ताऱ्याचा कोपरा मिटवलेला होता.

मी ठमीकडे वळले. पुढची चार-पाच वाक्यं मी मनात तयार ठेवली होती : ती रडेल, बिलगेल, खरी आई कोणती हे विचारेल, आणि मी तिला घट्ट धरून सांगेन. प्रवासभर मी त्याचीच उजळणी केली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू," ती म्हणाली. "इथेच बस माझ्याजवळ. ती पाच मिनिटं म्हणाली ना, की पाचच मिनिटांनी उघडते."